तळं दाखवतो, या!

निवृत्त माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कुणी गच्चीवर दुधी लावतो, कुणी होमिओपॅथीची पुस्तकं वाचून शेजाऱ्यांना साबुदाण्याच्या गोळ्या वाटतो. मला तळं लागलं. तळ्याकाठी घर घ्यायचं, सकाळी चहाचा कप घेऊन पाण्याकडे बघत बसायचं आणि संध्याकाळी कप पुन्हा भरून त्याच पाण्याकडे बघायचं, एवढाच माझा बेत होता. "आणि मधल्या वेळात?" असं बायकोने विचारलं, तेव्हा मी तिच्याकडे दयेने पाहिलं. निसर्गात वेळ मोजायचा नसतो, असं काहीतरी ऐकवलंही. असली वाक्यं चिंचवडच्या तिसऱ्या मजल्यावर फार छान सुचतात.

घर मिळालं ते पवना धरणाच्या उत्तर काठाला, पवनानगरच्या पुढे. एजंटाने दाखवलं तेव्हा ऑक्टोबर होता आणि धरण काठोकाठ भरलेलं. ओटीवरून उतरून पंचवीस-तीस पावलं टाकली की पाय पाण्यात. पलीकडे डाव्या हाताला तिकोना, उजव्या हाताला तुंगचा सुळका, पाठीशी लोहगड आणि विसापूर. "एकदम लेक टच आहे साहेब," एजंट म्हणाला. मी तिथल्या तिथे बयाणा दिला. बायको बँकेत होती, त्यामुळे कागद वाचल्याशिवाय तिला राहवत नाही. "ह्या करारात तळ्याचा उल्लेख कुठेच नाही," ती सही करता करता म्हणाली. मी हसलो. तळं काय पळून जाणार आहे?

ते पळून गेलं.

कंपनीतला हिशेब, फंडाचे कागद, निरोप समारंभ, शाल, नारळ असं सगळं उरकून आम्ही राहायला गेलो ते पाडव्यानंतर. तोवर पाणी ओटीपासून बरंच लांब गेलं होतं. लांब म्हणजे आधी हिरवट गवत, मग तांबूस माती, मग भेगा पडलेला गाळ, मग ओला गाळ आणि त्याच्याही पलीकडे एक चकाकणारी पट्टी. ते आमचं तळं. घरमालक आबा गोठ्यात शेण भरत होते. मी त्यांना विचारलं, "आबा, पाणी कुठं गेलं?"

"पिंपरी-चिंचवडला," आबा म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण आबांनी जे सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं. पवना धरण बांधलं गेलं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. साठवण साडेआठ टीएमसीच्या आसपास. ह्यातलं पाणी नदीत सोडतात, ते वाहत वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथे उचलून शुद्ध करतात आणि मग पिंपरी-चिंचवडच्या नळांना सोडतात. पावसाळ्यात भरायचं आणि पुढचा पावसाळा येईस्तोवर शहराला पाजायचं, ही ह्या तळ्याची नोकरी. म्हणजे मी चाळीसेक किलोमीटर पाण्याच्या मागे इकडे आलो आणि पाणी त्याच रस्त्याने माझ्या जुन्या पत्त्यावर निघून गेलं होतं. तिसऱ्या मजल्यावर मोटार न लावता नळाला जे येत होतं ते हेच. इथे मात्र बोअरची मोटार जळालेली. ती दुरुस्त होईस्तोवर मी कळशी घेऊन आबांच्या विहिरीवर आणि बायको कट्ट्यावर बसून माझ्या कळशीतलं किती सांडतं ते बघत.

पाण्यावरून मी एकदा आबांजवळ जरा चढ्या आवाजात बोललो. धरण तुमच्या दारात आणि पाणी शहराला, हा काय न्याय झाला, वगैरे. आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमाला आत्ता सुचलं व्हय?" ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर, पवनेचं पाणी शहराला नेणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधात मावळचे शेतकरी रस्त्यावर उतरले होते, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. त्या दिवशी मी चिंचवडला आंघोळ करून, डबा घेऊन कामावर गेलो असणार. कळशी उचलून मी घरी आलो आणि पाण्याच्या न्यायाविषयी पुन्हा काही बोललो नाही.

तळं दाखवतो म्हणून मी मात्र जगाला सांगून ठेवलं होतं. निरोप समारंभातल्या भाषणात अख्ख्या खात्याला आमंत्रण दिलं होतं. त्यातले सगळे आले असते तर मी आज हा लेख लिहायला शिल्लक नसतो. पहिले आले ते डोंबिवलीचे मेहुणे, त्यांची बायको आणि दोन मुलं. मे महिना, ऊन असं की कौलं वाजत होती. मेहुण्यांनी गाडीतून उतरून दोन्ही हात कमरेवर ठेवले, समोर पाहिलं, आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, "भावजी, तळं घराच्या मागच्या बाजूला आहे का?"

अशा वेळी शहाणा यजमान पन्हं देतो. मी त्यांना मोहिमेवर नेलं. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं. त्याच्या दर्शनाला लोक मुद्दाम येतात, आणि खरोखर यावं असंच ते आहे. तळं नसलं तर नसो, तळ्यापोटचं देऊळ दाखवू, असा मी पवित्रा घेतला. आबा म्हणाले, गाडीरस्त्याने जा, वळसा पडंल पण पोचाल. मी म्हणालो, समोर तर आहे, सरळ चालत जाऊ.

सुक्या गाळावरून चालायला मजा येते हे कबूल केलं पाहिजे. भेगांचे तुकडे पायाखाली कुरकुर वाजतात. शिंपले सापडतात, कुठे तुटकी बाटली, कुठे जाळ्याचा गोळा, कुठे तंबूतून वाहत आलेली एकच चप्पल. मुलं खूश होती. मी पुढे, हातात काठी, तोंडाने तुंग, तिकोना आणि मावळच्या खोऱ्यांचा इतिहास. इतिहास ऐन रंगात असताना माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला डावा पाय जोरात रोवला, तर तो त्याहून आत गेला. वरची पपडी वाळलेली, खाली काळा, गार, लोण्याहून मऊ गाळ. मी हलेन तसा तो मला चोखत होता. काठीवर भार दिला, काठीही गेली. मेहुणे जवळ यायला लागले तर मीच ओरडून थांबवलं, कारण मेहुण्यांचं वजन मला माहीत होतं. थोरला भाचा मोबाईल धरून उभा होता. "मामा, जरा इकडे बघा," तो म्हणाला. मीही बघितलं. सवय असते.

आबा लांब म्हशी राखत होते. त्यांनी काही घाई केली नाही. आधी तंबाखू मळली, मग एका म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि येऊन दहा-बारा हातांवर उभे राहिले.

"आडवं व्हा," ते म्हणाले.

"काय?"

"पोटावर आडवं व्हा. उबं राहिलात तर आजून जाल."

मी नवा पांढरा कुर्ता घालून गाळात पालथा पडलो. आबांनी दावं फेकलं. मी ते धरलं. मला पाचोळ्यातून ओंडका ओढावा तसं बाहेर काढण्यात आलं. पाय बाहेर आले, चपला आल्या नाहीत. दाव्याला म्हशीचा वास होता आणि त्या क्षणी मला तो वास अत्यंत आश्वासक वाटला. मी बसून धापा टाकत होतो तेव्हा आबा आजूबाजूला बघत म्हणाले, "ही आमच्या चुलत्याची खाचरं. त्यो बांद दिसतोय का? त्याच्या वरल्या अंगाला आमचं घर व्हतं. धरण भरलं तवा मी शाळंत जात व्हतो." मी पाहिलं तर गाळातून खरंच बांधांच्या ओळी वर आलेल्या होत्या, सरळ, आखून काढलेल्या. "हितं आंबेमोर पिकायचा. शिजला की वाडीभर वास." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लय भारी वावर हाय. अजून पाय धरतंय."

पुनर्वसनाचं काय झालं, हे विचारायचं धैर्य मला तेव्हा झालं नाही. नंतर विचारलं. पवना धरणग्रस्तांच्या जमिनींची कागदपत्रं अनेक दशकं ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली, एवढं उत्तर कुठल्याही काठावरच्या घरात मिळतं. देऊळ त्या दिवशी राहिलंच. व्हिडिओ मात्र डोंबिवलीपासून नाशिकपर्यंतच्या सर्व नातेवाइकांनी पाहिला. मामेसासूबाईंनी 'जय वाघेश्वर' असं लिहून हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

तळं मागे हटलं की त्याची जागा तंबू घेतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सोमवार ते शुक्रवार आमचा काठ इतका शांत की टिटवी ओरडली तरी दचकायला होतं. शनिवारी दुपारनंतर द्रुतगती मार्गावरून गाड्या उतरायला लागतात आणि अंधार पडेपर्यंत काठाला निळे-पिवळे तंबू, दिव्यांच्या माळा, बार्बेक्यूचा धूर आणि गिटार घेऊन बसलेला एक तरुण. त्याला येणारी गाणी मोजकी असतात आणि ती सगळी विरहाची. दहानंतर विरह संपून ढोल सुरू होतो. तंबूवाली पोरं बहुतेक ह्याच गावांतली. बापाची खाचरं पाण्यात गेली, उरलेल्या तुकड्यावर तंबू लागले. भातापेक्षा त्यात पैसा आहे, हे त्यांनी मला एकदा बोटांवर मोजून दाखवलं आणि मी निवृत्त लेखापाल असूनही त्यांच्या हिशेबात मला चूक काढता आली नाही.

एका शनिवारी मात्र मी पेटलो. रात्रीचे अकरा, घरात भिंती थरथरताहेत, बायको कानात कापूस घालून शब्दकोडं सोडवतेय. "आज मी जाऊन सांगूनच येतो," म्हणत मी टॉर्च घेऊन निघालो. वाटेत मुद्दे तयार केले. आवाजाचे नियम, पक्ष्यांची झोप, म्हाताऱ्या माणसांचं हृदय. तंबूंच्या मध्ये पोचलो तर एका हसतमुख मुलाने माझ्या हातात कागदी ताटली दिली. "काका, तुम्ही शेवटच्या बॅचचे ना? कोळसा विझत आलाय, लवकर घ्या." मी बोलायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी पनीरचा तुकडा पुढे आला. उघडलेल्या तोंडाचा माणसाने काय उपयोग करावा? पुढे हाउजी सुरू झाली. एका कंपनीच्या मुलामुलींनी मला त्यांच्यात ओढलं. मला मधली ओळ लागली आणि चॉकलेटचं पाकीट मिळालं. मी परत आलो तेव्हा बायको दारात उभी होती. "सांगितलंस?" तिने विचारलं. मी तिला चॉकलेट दिलं.

मे संपता संपता एक रात्र फार चांगली गेली. पहिला वळीव पडून गेल्यावर घरामागच्या झाडांत काजवे पेटले. एक झाड विझायचं तोवर दुसरं लागायचं. पण पाहुणा कुणीच नव्हता. त्यामुळे ही गोष्ट सांगूनही माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि गाळातल्या व्हिडिओवर मात्र सगळ्यांचा आहे.

मग पाऊस आला. लोणावळ्याचा वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, हा आकडा मी शाळेत पाठ केला होता. पण मिलिमीटर हे माप फसवं आहे. पाऊस घरात कुठून कुठून येतो हे त्यात धरलेलं नसतं. आमच्याकडे तो कौलांतून आला, खिडकीच्या फटीतून आला, फरशीखालून आला आणि शेवटी काही न करता नुसताच हवेत येऊन बसला. मिठाचं पाणी झालं. आगपेटीतल्या काड्या वाकायला लागल्या. पापड कुजबुजत नाहीसे झाले. पट्ट्यावर, चष्म्याच्या घरावर आणि निरोप समारंभात मिळालेल्या शालीवर पांढरी बुरशी धरली. आठवडाभर न वाळलेला लेंगा मी चुलीवर धरून वाळवला, तो वाळला पण त्याला तीन महिने वांग्याच्या भरताचा वास येत होता. बाथरूमच्या चपलेत मुठा खेकडा मुक्कामाला आला होता आणि ही गोष्ट मला चपलेत पाय घातल्यावर कळली. आबांच्या घरच्या आजी धावत आल्या. मला वाटलं माझ्या अंगठ्यासाठी. त्यांनी खेकडा उचलला, पदराखाली झाकला आणि रात्री कालवणाची वाटी पाठवली. कालवण उत्तम होतं. अंगठ्याचं सार्थक झालं.

ह्या काळात तळं मात्र भरत होतं. रोज वर चढत होतं, हे आवाजावरून कळायचं. दिसत नव्हतं काहीच. पहाटेपासून रात्रीपर्यंत ओटीच्या पायरीपलीकडे धुकं. आणि नेमके अशाच वेळी माझ्या जुन्या खात्यातले चौघे सपत्नीक तळं बघायला आले.

मी त्यांना ओटीवर ओळीने बसवलं. समोर शुभ्र काही नाही. मी हात उचलून दाखवायला सुरुवात केली. "हे समोर पाणी. इथून सरळ डावीकडे तिकोना. तो जो गडद भाग दिसतोय ना, तोच. वितंडगडही म्हणतात त्याला." एका वहिनींनी हात जोडले. दुसऱ्याने फोटो काढला. मी तटबंदी, दरवाजा, पायऱ्या असं एकेक सांगत गेलो. तेवढ्यात वारा सुटला, धुकं घटकाभर बाजूला झालं आणि मी ज्याला तिकोना म्हणत होतो ती शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी निघाली. धुकं लगेच मिटलं. कुणीच काही बोललं नाही. वहिनींनी हात हळूच पदराखाली घेतले.

अब्रू सावरायला मी त्यांना लोणावळ्याला नेलं. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याला नेणं म्हणजे नेमकं काय, ते ज्याला ठाऊक आहे तो आता पान उलटेल. गाड्या हलत नव्हत्या. कणीसवाले, भजीवाले गाडीपर्यंत येऊन, विकून, पैसे घेऊन, सुट्टे आणायला जाऊन परत येत होते, आणि आम्ही तिथेच. गाडी थांबली की माझं तोंड सुरू होतं. भुशी धरण रेल्वेने बांधलं, वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून. वळवणचा तलाव, लोणावळ्याचा तलाव, शिरोता, हे टाटांचे. त्यांचं पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला पडतं आणि १९१५ पासून तिथली वीज मुंबईला जाते. पलीकडच्या मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. म्हणजे बघा, मी म्हणालो, आपण ज्यांना निसर्ग म्हणून बघायला येतो ती ही सगळी तळी कामाला लावलेली आहेत. एक रेल्वेत, एक वीज कंपनीत, एक पाणीपुरवठ्यात.

"आणि तू?" मागच्या सीटवरून माझा जुना साहेब म्हणाला.

भुशीपर्यंत आम्ही पोचलो नाही. २०२४ च्या जूनमध्ये तिथल्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर पोलिसांचा पहारा आणि वेळेची बंधनं कडक झाली. ती असायलाच हवीत. दर पावसाळ्यात लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रची पोरं दोर घेऊन कड्याकपारीत उतरतात आणि हौशी माणसांना, कधी नुसत्या देहांना, वर काढतात. म्हशीच्या दाव्याला धरून बाहेर आलेला मी ह्या विषयावर फार मोठ्या आवाजात बोलू शकत नाही. आम्ही गाडी वळवली. वळवायला पाऊण तास लागला. पाहुण्यांनी चिक्की घेतली, मलाही एक पुडा दिला. तळं दाखवायला नेलेल्या माणसांनी यजमानालाच चिक्की देऊन परत जावं, असा प्रसंग इतिहासात विरळा असेल.

आणि मग नवरात्र संपता संपता एका सकाळी मी दार उघडलं तर तळं समोर. अख्खं. ओटीपासून पंचवीस-तीस पावलांवर. निळं, गार, लाट नाही. तिकोना तिकोन्याच्या जागी, तुंग तुंगच्या. आदल्या जुलैत लोहगड युनेस्कोच्या यादीत गेला होता, त्याचा विंचूकाटाही पाठीमागे धुऊन पुसून ठेवलेला दिसत होता. एजंटाने दाखवलेला ऑक्टोबर परत आला होता. मी लगोलग फोन लावायला बसलो. मेहुण्यांकडे फराळाची भाजणी दळायला द्यायची होती. जुन्या साहेबांकडे रंगकाम निघालं होतं. खात्यातले म्हणाले, दिवाळीनंतर बघू, आणि त्यांच्या आवाजात मला काळी टाकी स्पष्ट ऐकू आली. बायको म्हणाली, "आता तूच बघ की. त्याच्यासाठीच आला होतास ना?"

मी कप भरला. खुर्ची ओढली. बसणार तेवढ्यात आबा बांधावरून हाक मारत आले.

भात कापणीला आलं होतं. आबांच्या उरलेल्या खाचरांत इंद्रायणी असतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आयआर-८ ह्यांच्या संकरातून काढलेलं हे वाण १९८७ ला आलं आणि मावळभर पसरलं. शिजताना ह्याचाही वास येतो, पण आबांच्या मते तो आंबेमोहराचा नातू, आजा नव्हे. कापायला माणसं मिळत नव्हती. थोरला मुलगा तळेगावच्या कारखान्यात पाळीवर, धाकटा तंबूंवर. "तुमी रिकामेच हाय," आबा म्हणाले. हे आमंत्रण होतं की निरीक्षण, ते मला ठरवता आलं नाही. मी टोपी घातली आणि गेलो.

विळा धरणं दिसतं सोपं. डाव्या मुठीत बुडखा धरायचा, उजव्या हाताने आपल्याकडे ओढायचं, मूठ मागे ठेवायची. आजी ते करत असताना बोलतही होत्या, हसतही होत्या आणि माझ्यापुढे तीन ओळी होत्या. मी बुडखा धरला की विळा सापडायचा नाही, विळा धरला की बुडखा सुटायचा. वाकल्यामुळे मला दिसत होता तो फक्त चिखल, भाताचे खुंट आणि माझे स्वतःचे गुडघे. तळं पाठीमागे होतं. वर्षातले ते सोन्यासारखे दिवस, स्वच्छ ऊन, निवांत पाणी, आणि मी त्याच्याकडे पाठ करून दुपारपर्यंत चिखलाशी बोलत होतो. एकदा सरळ व्हायचा प्रयत्न केला तर कंबरेने तो हाणून पाडला.

आबांनी येऊन माझी ओळ पाहिली. काही खुंट घोट्याएवढे, काही गुडघ्याएवढे, मधे मधे अख्खी रोपं उभी. लोंब्या सांडलेल्या. आबा खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातला विळा घेतला, अगदी हळुवारपणे, लहान मुलाच्या हातून घ्यावा तसा नव्हे, चोराच्या हातून घ्यावा तसा.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तुमी आपलं बांदावर बसून तळं बगा. तेवडं जमंल."

मी बांधावर गेलो. बसावं तर कंबर मोडून खाली बसता येईना. बांधापलीकडे गवतावर नव्या हंगामाचे तंबू नुकतेच उभे राहिले होते आणि पाण्याकडे तोंड करून कापडी खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीत मी अलगद स्वतःला सोडून दिलं. पाय लांब केले. समोर तुंग, तिकोना, पाणी. टोपी काढली. पाहायला सुरुवात करणार तोच खांद्यावर कुणीतरी बोट लावलं. आबांचा धाकटाच असेल असं वाटलं, पण हा नवा पोरगा होता, मला न ओळखणारा.

"काका, बुकिंग?"

"नाही रे, मी इथलाच."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. चिखलाची पँट, हातावरचे ओरखडे, आणि पाण्याकडे लावलेली नजर. "इथलं कुणी खुर्चीत नाय बसत, काका," तो म्हणाला. "चेक-इन चार वाजता."

पुन्हा उठण्याची माझी प्राज्ञा नव्हती. कंबर खुर्चीच्या मापाची झाली होती. मी खिशात पाकीट आहे का ते चाचपलं आणि विचारलं, "एका माणसाचं काय काय येतं?"

"संध्याकाळी चहा-भजी, मग बार्बेक्यू, जेवण, सकाळी पोहे."

"आणि तळं?"

"ते त्यात धरलेलंच हाय."